मुंबईचा मुक्काम

(लातूर येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मुंबईचा मुक्काम’ असे कळविले. त्यावर त्यांचा प्रश्न आला, “गुरुजी, प्रवासवर्णन का?” प्रवासवर्णन नव्हे. मुंबईची शोभा वर्णन करावी इतकी ती आम्ही पाहिलेलीच नाही. पंधराएक वेळा जाणे झाले, परंतु दादर, परळ आणि एकदा राणीचा बाग, यांपलीकडे आमची मजल गेली नाही. तरीही हा विषय घेण्याचे धाडस केले, याचे कारण या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी असे कुटुंब विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी औषधोपचार, परीक्षा, मुलाखत, कोर्टाचे काम किंवा परदेशी निघालेल्या मुलाला पोहोचविणे, यांपैकी एखाद्या कारणाने मुंबईस गेलेले नाही. आणि आमचे निरीक्षण असे, की आपली मंडळी गाडीचे तिकीट दोन महिने आधी काढतात आणि मुक्कामाचा विचार मात्र कल्याण स्टेशन मागे पडल्यावर करू लागतात.

आपल्या वाडवडिलांचे असे नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडील मनुष्याचे मोठे शहर म्हणजे हैदराबाद. वरिष्ठ कोर्ट तेथे, कॉलेज तेथे, मोठा दवाखानाही तेथेच. उतरावयाचे ते नातलगाच्या घरी, ओळखीच्या अडत्याकडे, नाही तर नामपल्ली स्टेशनाजवळच्या सराईत. मुंबईस जाणे हा तर मोठाच खटाटोप. नांदेडकराने मीटरगेजने मनमाड गाठावे व तेथे गाडी बदलावी; लातूरकराने बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत कुर्डुवाडीस जावे व तेथे मोठ्या गाडीची वाट पाहावी. एवढा व्याप करून निघणारा मनुष्य आधी पत्र टाकी, उत्तराची वाट पाही आणि मगच पिशवी भरी. आता नांदेडहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन थेट मुंबईस जातात. लातूरहून रात्री बसलेला मनुष्य सकाळी मुंबईत उतरतो. प्रवास सुलभ झाला; आधी पत्र टाकण्याची सवय मात्र त्याच ओघात गेली.

नातलगांचेही तसेच. एके काळी परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे निजत आणि गावाकडून आलेल्या आठव्याला गॅलरीत जागा होई. त्या नातलगांची मुले आता बदलापूर, विरार, पनवेल इकडे राहावयास गेली. नवरा-बायको दोघेही पहाटे घर सोडतात. त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. पाहुणा एक रात्र शोभतो. विजेच्या शेकाचे सहा आठवडे शोभत नाही, हे पाहुण्याने स्वतःच ओळखावे.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो. २०१३ साली आमच्या थोरल्या वहिनींना कर्करोग असल्याचे निदान नांदेडला झाले आणि डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयात नेण्यास सांगितले. बंधू, वहिनी आणि आम्ही असे तिघे निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कागदांची पिशवी, पांघरुणे, सर्व सामान जय्यत होते. ठरलेला नव्हता तो एक मुक्काम. ‘एवढी मोठी मुंबई, खोली मिळणार नाही का?’ हे आमचेच उद्गार. सकाळी दादरला उतरलो. फलाटाबाहेर एक गृहस्थ हातात कार्ड घेऊन उभे होते. “चारशे रुपये रोज, टाटाच्या अगदी जवळ,” असे ते म्हणाले आणि आमची पिशवी त्यांनी उचललीदेखील. आम्ही मागोमाग निघालो.

लॉज तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नव्हती. खोली म्हणजे एका मोठ्या दालनात प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून पाडलेला कप्पा. खिडकी नाही, संडास जिन्याच्या तोंडाशी सर्वांत मिळून एक. ‘अगदी जवळ’ याचा अर्थ चालत चाळीस मिनिटे असा निघाला. वहिनींना चालवेना, म्हणून प्रत्येक खेपेस टॅक्सी. रिक्षा करावी म्हटले तर त्या भागात रिक्षाच नाहीत. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मुंबईत रिक्षाला मज्जाव आहे, ही गोष्ट आम्हांस तेथे उभे राहिल्यावर कळली. आम्ही सकाळी आठ वाजता खोलीत शिरलो होतो. दुपारी बारानंतर गल्ल्यावरील गुमास्ता म्हणाला, “एक रोज झाला, दुसरा सुरू.” आम्ही वाद घातला. त्याने भिंतीवरील पाटी दाखविली. पाटी होती, हे खरे. आम्ही ती वाचली नव्हती. जन्मभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या मास्तराची ही गत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासण्या आटोपून परतलो तेव्हा वहिनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसल्या. म्हणाल्या, “भावजी, मला वर नेऊ नका. रातभर इथंच बसू द्या.” त्या घरात आल्या तेव्हा आम्ही सहावीत होतो. आमची शाळेची फी त्यांनी स्वतःच्या दुधाच्या पैशांतून भरलेली. त्या पायरीवर बसल्या आणि आम्ही खालच्या पायरीवर उभे. वरच्या कोणा अनोळखी बाईने स्टूल व पाण्याचा तांब्या आणून दिला. बंधू एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

घरी आल्यावर आम्ही हिशेब मांडला. दोन रात्री राहून तीन रोजांचे बाराशे रुपये दिले. टॅक्सीला सहाशे ऐंशी. एकूण अठराशे ऐंशी. पुढच्या खेपेस आधी फोन करून रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर लिफ्ट असलेली, स्वच्छ खोली नऊशे रुपये रोजाने घेतली. दोन दिवसांचे अठराशे झाले व टॅक्सी लागलीच नाही. म्हणजे चारशेची खोली नऊशेच्या खोलीहून ऐंशी रुपयांनी महाग पडली होती, जिना वेगळाच. वहिनी त्यानंतर चार वर्षे होत्या. त्या चार वर्षांत आम्ही अकरा वेळा मुंबईस गेलो, आणि जे काही शिकलो ते त्या अकरा खेपांत.

पहिली गोष्ट अशी, की ‘स्वस्त खोली कोठे मिळेल?’ हा प्रश्न आरंभी विचारूच नये. काम कोणत्या इमारतीत आहे व किती वाजता आहे, हे आधी कागदावर लिहावे. ‘मुंबईला काम आहे’ हा काही पत्ता नव्हे. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे, हे सर्वांस ठाऊक. परंतु त्याच संस्थेचे दुसरे मोठे केंद्र खारघरला, नवी मुंबईत आहे, आणि पुष्कळ रुग्णांस तिकडे पाठविले जाते. परळला जावयाचे असेल तर दादरला उतरावे. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन उलट येण्यात अर्थ नाही. खारघरला जावयाचे असेल तर दादरचाही उपयोग नाही. नांदेडहून लातूर, कुर्डुवाडी, पुणे या मार्गाने पनवेलला जाणारी गाडी धरावी व मुक्कामही तिकडेच पाहावा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात असते. त्यासाठी बोरीबंदरजवळ खोली घेऊन सकाळच्या गर्दीत मुलीला लोकलमध्ये कोंबणारे एक पालक आम्हांस ठाऊक आहेत. विमानाचे तिकीट असेल तर आता विमानतळाचे नावही वाचावे, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे आणि सहार व उलवे यांच्यात चांगलेच अंतर आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या रात्रीच्या गाड्या सकाळी पोहोचतात आणि बहुतेक हॉटेलांचा दिवस दुपारी बाराला किंवा त्याच्या आगेमागे सुरू होतो. सकाळी सातला दारात उभा राहिलेला मनुष्य त्यांच्या दृष्टीने आदल्या दिवसाचा पाहुणा असतो. काही ठिकाणी मात्र ‘चोवीस तास’ पद्धत आहे, म्हणजे ज्या वेळी शिरलात त्याच वेळी दुसऱ्या दिवशी सोडावयाचे. आपल्या गाड्यांना हीच पद्धत सोयीची. ती कोठे आहे हे फोनवर विचारावे. एकाच दिवसाचे काम असेल तर सीएसएमटीसारख्या मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या विश्रांतिकक्षाचा विचार करावा. पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर तो आधी राखून ठेवता येतो. अंघोळ करून, कपडे बदलून कामास जाता येते.

फोनवर काय विचारावे, हे लातूरकरांस आम्ही शिकवावे म्हणजे उद्धटपणाच होईल. दर जूनमध्ये सबंध महाराष्ट्रातून पालक मुलांना घेऊन या शहरात येतात व शिकवणीच्या वर्गांजवळ खोल्या पाहतात. पाणी किती वाजता येते, पंखा चालतो का, जेवणाचा डबा कोठून, दार रात्री किती वाजता बंद होते, हे प्रश्न त्यांच्याकडून तुम्ही हजार वेळा ऐकले आहेत. तेच प्रश्न आपण मुंबईत का विचारीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. बहुधा मोठ्या शहरात चौकशी करणे आपणांस गावंढळपणाचे वाटत असावे. आम्ही आणखी तीन प्रश्नांची भर घालतो. मजला कितवा व लिफ्ट चालू आहे काय? सांगितलेला दर कर धरून की कर सोडून? (हजार रुपयांखालील खोलीवर पूर्वी कर नव्हता, जुलै २०२२ पासून तो लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीस तो ५ टक्के आहे.) आणि तिसरा, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: काम लांबले तर हीच खोली आणखी दोन दिवस मिळेल काय? रुग्णालयातील काम वेळापत्रकाप्रमाणे संपत नाही. डॉक्टर ‘परवा या’ म्हणतात आणि खोली उद्या सोडावयाची असते.

प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र बरोबर असावे. एकाचे दाखवून भागत नाही. आधारची प्रत द्यावयाची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, ती मागून घ्यावी. नातवंडे मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देतात.

नातवंडांवरून आठवले. हल्ली खोली मोबाइलवरच ठरवितात. त्यास आमचा विरोध नाही. आमच्या नातवाने आमच्यासाठी अशीच एक खोली ठरविली. चित्रात पांढरीशुभ्र चादर, कुंडीत रोपटे. प्रत्यक्ष गेलो तर गल्ल्यावरील मनुष्य म्हणाला, “तुमचे नाव आमच्याकडे आलेले नाही.” नातवाचा दोष इतकाच, की मोबाइलवर ठरविल्यानंतर त्याने त्या हॉटेलास फोन केला नव्हता. तेव्हापासून आमचा नियम असा: मोबाइलवर ठरवा, मग फोनवर माणसाशी बोला, त्याचे नाव लिहून घ्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा. याहून वाईट प्रकार म्हणजे निव्वळ फसवणूक. तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांच्या व हॉटेलांच्या नावे खोटी संकेतस्थळे उभी करून लोक आगाऊ पैसे उकळतात. ज्याचा पत्ता दुसऱ्या कोणाकडून ताडून पाहिलेला नाही, त्यास एक रुपयाही आगाऊ पाठवू नये. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम हातची जाते.

हे सर्व नवीन आहे असे समजू नये. नांदेडकरांनी आपल्याच स्टेशनावर उभे राहून पाहावे. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने शीख यात्रेकरू दीड दिवस प्रवास करून हुजूरसाहेबांच्या दर्शनास येतो. म्हातारी आई बरोबर, लहान मूल कडेवर. परंतु स्टेशनाबाहेर आल्यावर तो भांबावून इकडेतिकडे पाहात नाही. यात्री निवास कोठे, लंगर कोठे, हे त्याच्या गावातील आधी आलेल्याने त्यास सांगितलेले असते. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीस नांदेडला किती गर्दी लोटली, ती आम्ही पाहिली आहे. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचलेली होती, म्हणून ती माणसे निभावली.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, तिकडे वळतो. गेल्या काही मेळाव्यांत ‘मुंबईत आपल्या समाजाचे विश्रामगृह असावे’ असा ठराव येतो, टाळ्या पडतात, काही देणग्याही जमल्या आहेत. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू थोर आहे. ज्ञातींनी निवासाची सोय करावी ही परंपराही मोठी. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघावीत म्हणून जागा व साह्य दिले, त्यातून केवढी पिढी घडली! परंतु तेथे मुले वर्षानुवर्षे राहावयाची होती. आपला प्रश्न तसा नाही. जमलेल्या रकमेत मुंबईत आज दोन खोल्या मिळणे कठीण, आणि त्या मिळाल्याच तर दूरच्या उपनगरात मिळतील. परळच्या रुग्णास त्या ‘चारशे रुपयांच्या खोली’सारख्याच. शिवाय त्या सांभाळावयाच्या कोणी? आपल्या नांदेडच्या कार्यालयाचा नळ दुरुस्त होण्यास किती महिने लागले, ते येथे सांगत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. काहींस ते रुचणार नाही, तरी बोलतो. वहिनींच्या पाचव्या खेपेस उपचार दीड महिन्यांचा होता. एवढे दिवस हॉटेल परवडणे शक्य नव्हते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी केली आणि दादर पूर्वेस संत गाडगे महाराजांच्या नावाने जी धर्मशाळा आहे तेथे आमची सोय झाली. गाडगेबाबा १९५६ साली गेले. दादरची ही धर्मशाळा पुढे १९८४ मध्ये झाली. बाबांनी स्वतः पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दादरच्या धर्मशाळेत आमच्या एका बाजूस बिहारचे कुटुंब, दुसऱ्या बाजूस बंगालचे. रुग्णाची फाइल पाहिली गेली; जात कोणी विचारली नाही, आणि आम्हांसही कोणाची विचारावीशी वाटली नाही. वहिनींची बंगाली शेजारीण त्यांच्या केसांना, होते तोवर, तेल लावून देई. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. परळलाच केईएम रुग्णालयाजवळ नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही अशीच सोय करते. अशा ठिकाणी जागा नेहमी अपुरी असते; अर्ज करून, रुग्णालयाची कागदपत्रे दाखवून, पाळी येईपर्यंत थांबावे लागते. तोवर दोन-चार दिवसांसाठी हॉटेल लागतेच, आणि त्याच दोन-चार दिवसांत आपली माणसे लुबाडली जातात.

म्हणून आमची सूचना अशी. विश्रामगृहाचा ठराव तूर्त बाजूस ठेवावा. जमलेल्या रकमेपैकी काही भाग या दोन संस्थांस, आपल्या मंडळाच्या नावाने, द्यावा. उरलेल्या रकमेच्या व्याजातून, आजाऱ्यास घेऊन मुंबईस निघालेल्या कुटुंबास पहिल्या चार दिवसांच्या मुक्कामापुरती रक्कम उसनवार द्यावी. परत करावयाची मुदत त्यांनीच सांगावी. आम्ही हे कार्यकारिणीपुढे लेखी मांडले आहे. दोन सभासदांनी विरोध नोंदविला आहे व त्यांचा मुद्दा, की समाजाचा पैसा समाजाबाहेर का जावा, हा विचार करण्यासारखा आहे. परंतु आमच्या वहिनी त्या धर्मशाळेत दीड महिना राहिल्या, त्याचा खर्च ज्या देणग्यांतून झाला त्या आपल्या समाजाने दिलेल्या नव्हत्या, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे, अशी विनंती आहे. निर्णय सर्वसाधारण सभेचा.

त्यास वेळ लागेल. तोवर एक काम आजच होऊ शकते. आम्ही एक लांब वही आणली आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, सोलापूर अशी शहरवार पाने पाडली आहेत. जो कोणी जाऊन आला त्याने जागेचे नाव, फोन, मजला, लिफ्ट, दिवस किती वाजता बदलतो, प्रत्यक्ष किती पैसे लागले आणि कामाच्या ठिकाणापासून चालत किती मिनिटे, एवढे लिहावे. ‘चांगले’, ‘वाईट’ असे शेरे नकोत; आकडे लिहावेत. तारीख अवश्य घालावी, कारण दर बदलतात आणि मालकही बदलतात. एक प्रत लातूर कार्यालयात राहील, एक नांदेडला. दर तीन महिन्यांनी दोन्ही ताडून पाहण्याचे काम आम्ही पत्करले आहे.

वही मंडपाच्या दाराशी टेबलावर आहे. पहिले पान आम्ही भरले आहे. त्यात त्या २०१३ च्या लॉजची नोंदही आहे आणि त्याच्या जिन्याच्या पायऱ्याही लिहिल्या आहेत, बावन्न. भोजनाच्या पंगतीस अजून अर्धा तास अवकाश आहे, असे चिटणीस सांगत आहेत. पेन दोरीने टेबलाला बांधून ठेवले आहे.